जानव्यातल्या दोन किल्ल्या

सोमवारी सकाळी सात वाजता तू घरून चालत निघालास. साडेनऊ वाजता कोर्टाचा चपराशी आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब पायरीवर बसले ते उठले नाहीत." अकरा वाजता आम्ही तुला घरी आणलं.

अण्णा, त्याला आज अठरा दिवस झाले. बाररूममधले दोघे तुझ्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्याकडे, तुझी माहिती मागायला आले होते. जन्म कुठला, सनद कधीची, कोणकोणत्या कमिटीवर होतास. मी लिहून दिली. एका पानात बसलास. त्यांनी माझ्या अक्षराची तारीफ केली. त्या पानात जे घातलं नाही ते आता लिहितो आहे. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "बापू, याच्यात मुद्दा कुठं हाय?" मुद्दा एकच आहे. मला तुझा राग आला आहे आणि ज्याच्यावर काढायचा त्याला माझ्या हातानं जाळून आलो आहे.

त्या सकाळी मी शिकवतो त्या शाळेला सुटी होती म्हणून मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. तू काळा कोट हातावर टाकून गाडीपाशी गेलास आणि थांबलास. मागचं डावं चाक पार बसलं होतं.

"हवा गेली वाटते," तू म्हणालास. मला नाही, गाडीला.

मी पान उलटलं. वाचून झालं नव्हतं, तरी उलटलं.

तू गाडीच्या मागच्या अंगाला गेलास, तिथली स्टेपनी पाहिलीस, मग माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "राहू दे. चालतच जातो. सकाळचं कोर्ट हाय, ऊन कुठं झालं अजून." आणि गेलास. चाक बदलायला मला पाव तास लागला असता. पण स्टेपनीला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली तुझ्याकडे होती, आणि ती तुझ्याकडे का होती हे तीन वर्षं आपल्या दोघांत न बोललेलं होतं. तू किल्ली पुढं केली नाहीस. मी मागितली नाही. डॉक्टर म्हणाले, चालण्याशी याचा काही संबंध नाही, ओट्यावर बसूनही हेच झालं असतं. डॉक्टर तुझे मित्र. खरं म्हणून बोलले की मला बरं वाटावं म्हणून, हे मला ठरवता येत नाही.

आपली गाडी सगळ्या वाशिमाला ठाऊक आहे. काळी, उंच, दारं मागच्या बाजूनं उघडणारी. एका बदलून जाणाऱ्या साहेबाकडून तू घेतलीस तेव्हाच ती म्हातारी होती. पाठीमागं स्टेपनी उभी, तिच्यावर पत्र्याचं गोल झाकण, आणि झाकणाच्या मधोमध रुपयाएवढं कुलूप. लढाईच्या दिवसांत टायर मिळत नव्हते, लोक उभ्या गाडीची स्टेपनी काढून नेत, म्हणून साहेबानं ते बसवून घेतलं होतं. कुलपाच्या दोन पितळी किल्ल्या होत्या. मला गाडी चालवता येऊ लागली त्या दिवशी तू एक माझ्या हातावर ठेवलीस. दुसरी तू जानव्याला बांधलीस. पक्षकारांना कागद नीट ठेवा म्हणून सांगताना तू कोटाच्या आतून ती किल्ली वाजवून दाखवायचास. "खिशाले भोक पडते. जानव्याले पडत नाही. तीस वर्षांत माही एक वस्तू हरवली नाही." पक्षकार मान डोलवायचे.

आता तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातल्या त्या दिवसाकडे येतो.

आईनं तीन दिवस काही घेतलं नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "अक्का आली का?" आपली बहीण अक्का सासरी कामरगावला. तार पोचून, सर्व्हिसची मोटार गाठून तिला यायला दुसरा दिवस उजाडला असता. तू मला म्हणालास, "गाडी काढ. अक्काले घेऊन ये. मी आईजवळ बसतो." मी निघालो. तू ओट्याच्या पायरीपर्यंत आलास, उघडाच, पंचा गुंडाळलेला, आणि तुझा हात छातीवर जानव्याकडे गेला. मी आरशात पाहिलं. हात क्षणभर तिथं राहिला आणि मग रिकामाच खाली आला. मला वाटलं, आईसाठी देवाला हात जोडतोस.

येताना, मंगरूळ अजून दूर होतं, तिथं नाल्याच्या उताराला मागचं चाक गेलं. मी उतरलो, जॅक लावला, नट ढिले केले, पाकिटातून किल्ली काढली. किल्ली आत गेली. फिरली नाही. काढून पुसली, पुन्हा घातली. तेल लावलं. अक्का खाली उतरून माझ्यामागं उभी राहिली.

"काय करून राह्यला बापू?"

"किल्ली फिरत नाही."

"आपलीच हाय ना? दुसरी तर नाही आणली?"

"हीच आहे."

"मंग फिरत काहून नाही?"

अर्ध्या तासानं मी नाल्यातला दगड उचलला आणि झाकणावर हाणू लागलो. पत्र्याला पोचा पडला, कुलूप हललं नाही. अक्का रडायला लागली होती. "मोठी मोठी पुस्तकं वाचते," ती म्हणाली, "अन् एक कुलूप उघडत नाही." अडीच तासांनी एक मालमोटार आली, तिच्या क्लीनरनं ट्यूबला ठिगळ लावून दिलं. आम्ही पाच वाजता घरी पोचलो. आई साडेतीनला गेली होती. शेवटी दोनदा तिनं अक्काचं नाव घेतलं, हे तूच आम्हाला सांगितलंस.

आणि मग तू जे केलंस ते मी तीन वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. इथं लिहितो.

अक्का आईच्या पायांशी बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "किल्ली लागली नाही, अण्णा. यानं भलतीच किल्ली नेली." मी म्हणालो की तीच होती. तू म्हणालास, "पाहू." माझ्या हातातून किल्ली घेतलीस आणि बाहेर गेलास. दारातून गाडी दिसत होती. तू आमच्याकडे पाठ करून स्टेपनीपाशी वाकलास, फार वाकलास, कुलपाच्या पाया पडल्यासारखा. झाकण निघाल्याचा आवाज आला. तू परत आलास आणि म्हणालास, "लागते की. जोर कमी पडला तुहा."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तीन वर्षं तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

किल्ली तू मला परत दिली नाहीस. मी मागितली नाही. माझ्या हातात जोर नाही, हे मी मान्य करून टाकलं. तुला माहीत आहे का, मी कितीतरी दिवस घरातली सगळी कुलपं लावून-उघडून पाहत होतो? कपाटाचं, ट्रंकेचं, शाळेच्या वाचनालयाचं. सगळी उघडत होती. मुलांना मी शुद्धलेखन सांगताना मधेच थांबायचो आणि बोटांकडे पाहायचो. गाडीला मी हात लावायचं सोडलं. दिवाळीला अक्का यायची. तुला ओवाळायची, मग ताट खाली ठेवून आत जायची. वहिनी म्हणायच्या, "अक्का, भावजी राह्यले ना." ती म्हणायची, "कुंकू संपलं." तू पाटावर बसून हे ऐकायचास. दोन दिवाळ्या ऐकलंस. तिसऱ्या दिवाळीला ती आलीच नाही.

तू गेल्यावर आंघोळ मी घातली. जानव्याला दोन किल्ल्या होत्या. एक तुझी, आणि दुसरी माझ्याकडून जप्त केलेली, असं मला वाटलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, किल्ल्या काढून घ्या." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सोडायला गाठ होती, वेळ होता. मी मुद्दाम सोडल्या नाहीत. म्हटलं, एवढं जपलंस, जा घेऊन. असा विचार मी तुझ्या ओल्या अंगावर हात ठेवून केला, आणि तो लपवायचा नाही असं ठरवलं आहे. आपल्या घरात लपवालपवी पुष्कळ झाली.

तिसऱ्या दिवशी राखेत किल्ल्या सापडल्या. उष्णतेनं वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. अस्थींबरोबर टाकायच्या होत्या. मी खिशात घातल्या.

तेरावा झाला. अक्काचे यजमान पुढं गेले, ती वहिनींसाठी थांबली. दुसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "गाडी अशी एका अंगावर बसलेली मले पाहवत नाही. चाक तेवढं बदला." तो बाजाराचा दिवस होता. बाजारात अकोल्याच्या वाटेवरल्या मेडशीचे रहीमचाचा बसतात, कुलपं, स्टोव्ह, छत्र्या दुरुस्त करतात. मी त्यांना घरी घेऊन आलो.

चाचांचा चष्मा दोऱ्यानं बांधलेला. ते गाडीमागं उकिडवे बसले आणि कुलपाला हात लावण्याआधीच थांबले. झाकणाच्या कडेला नखानं काहीतरी चाचपलं.

"मास्तर, याची किल्ली कुठं हाय?"

मी ती चिकटलेली जोडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी थुंकी लावली, लुंगीच्या टोकानं घासली, उजेडात धरली.

"ह्या दोनी म्याच घासल्या," ते म्हणाले. "हे पाहा, बुडाशी टिंब. माही खूण हाय."

"जुन्या किल्ल्या साहेबाच्या होत्या चाचा. विलायती."

"त्या येगळ्या. हे कुलूप म्या बदललं ना."

"कधी?"

चाचांनी किल्ल्या माझ्या हातात परत दिल्या आणि हत्यारांची पिशवी उघडली. "जाऊ द्या. उघडून देतो."

"चाचा, कधी बदललं?"

"वकीलसाहेबानं कसम घेतली होती मास्तर. वाशिमात कोणाले सांगू नको म्हणे. आता गेलेल्या माणसाची कसम मी तोडू का?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. "याच कुलपापायी माझी बहीण आईला भेटू शकली नाही," मी म्हणालो. "तीन वर्षं ती माझ्याशी बोलत नाही. ती आत आहे. तुम्हाला वाटत असेल तर सांगा, नाहीतर नका सांगू."

चाचांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून सांगायला लागले, आणि सांगता सांगता, अण्णा, त्यांना हसू यायला लागलं. ते दाबत होते, तरी येत होतं.

"राखी होऊन पाच-सात दिवस झाले असतील. तुमच्या मातोश्री होत्या तवा. साहेब अकोल्याहून येऊन राह्यले होते. माह्या दारात गाडी उभी केली. म्हणे, रहीम, स्टेपनी उघडून दे. म्हटलं, किल्ली? तर काही बोलेच ना. मंग म्हणे, हसशील तर पाह्य. म्हणे, राखीच्या दिवशी आमची श्रावणी राहते. तळ्यावर जाऊन जानवं बदलतो. नवं गळ्यात घालतो, जुनं पाण्यात सोडतो. म्हणे, सोडलं. किल्लीसकट."

चाचांनी चष्मा वर करून डोळे पुसले.

"म्हणे, मी साऱ्या तालुक्याले वस्तू सांभाळाले शिकवतो अन् माही किल्ली म्या मंत्र म्हणून बुडवली. वाशिमात हे कळलं तर बाररूममधी मले नाव ठेवतील. म्हटलं साहेब, घरी दुसरी असल ना? म्हणे, लहान्यापाशी हाय. पण त्याले मागावं तर विचारल ना, तुही कुठं गेली म्हणून. अन् म्हणे, तळ्यातली कोणाले सापडली तर? दुसरंच कर. म्या मंग आतलं सारं बदललं. दोन किल्ल्या दिल्या. म्हणे, एक लहान्याले देतो. म्या म्हटलं, त्याले सांगजा बरं, त्याची जुनी आता चालत नाही. तर म्हणे, हो हो, मोका पाहून सांगतो."

मोका पाहून.

अण्णा, मी तीन वर्षं काय काय समजून चाललो होतो! मला वाटलं, तुझा माझ्यावर विश्वास उडाला असेल. मला वाटलं, त्याआधीच्या साली मी न विचारता गाडी नेली होती ते तू मनात धरलंस. कधी वाटलं, माझा हातच खोटा. मोठं काहीतरी कारण असणार असं मी धरून चाललो, कारण झालेलं नुकसान मोठं होतं. आणि कारण निघालं हे. ओल्या पंचानं तळ्याकाठी उभा असलेला तू, आणि हसतील म्हणून भ्यायलेला.

मला तो श्रावणीचा दिवस लख्ख आठवला. तू तळ्यावरून आलास आणि पानावर बसल्या बसल्या तीनदा छाती चाचपलीस. मग उठलास. आई म्हणाली, "अरे, वाढलं ना." तू म्हणालास, "गडू राहिला तळ्यावर." आणि तासाभरानं परत आलास तो कमरेपर्यंत भिजलेला. गडू घरातच होता. मी तो पाहिला होता, आणि तुला दाखवलाही. तू माझ्यावरच ओरडलास, "आधी नाही सांगता येत?"

मी आत गेलो आणि कपाटातून व्याकरणाचं ते जाड पुस्तक काढलं. अकोल्याला कोर्टकामाला गेलास की तू माझ्यासाठी एक तरी पुस्तक आणायचास. कागदात गुंडाळलेलं, आणि पहिल्या पानावर तुझं तिरकं अक्षर. एकदाही चुकला नाहीस. शाळेत माझ्याएवढी पुस्तकं कोणाकडे नाहीत, आणि त्यातली निम्मी तुझ्या हातची. त्या पुस्तकावर लिहिलं होतं: चि. बापूस, अकोला, श्रावण वद्य पंचमी. म्हणजे मेडशीला कुलूप बदललंस त्याच संध्याकाळचं. तू माझ्या एका हातात हे पुस्तक ठेवलंस. दुसऱ्या हातावर किल्ली ठेवायला कितीसा वेळ लागला असता? "तळ्यात बुडवली रे, ही नवी घे." मी हसलो असतो. एकदाच. आई हसली असती, वहिनी हसल्या असत्या. तुझं काय गेलं असतं?

तेही मी सोडून देईन. माणूस लाजतो. श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत चार महिने तुला मोका मिळाला नाही, हेही सोडून देईन. पण त्या पहाटे तू पायरीवर उभा होतास आणि तुझा हात जानव्याकडे गेला. तेव्हा तुला आठवलं होतं. हात का परत आला? आत आई होती म्हणून तू घाईत होतास? की तेवढ्या वेळातही तुला असं वाटलं की आता दिली तर हा विचारेल? तू द्यायला विसरलास की दिली नाहीस? या एका प्रश्नाचं उत्तर तू माझं देणं लागतोस आणि ते मला कधी मिळणार नाही. उलटतपासणीत लोकांना तू घाम फोडायचास. माझ्यासमोर एकदा उभा राहायला हवा होतास.

आणि संध्याकाळी! आईला अजून उचललं नव्हतं. जानव्याला बांधलेल्या किल्लीनं कुलूप उघडायचं म्हणून तू इतका वाकला होतास, हे मला चौदाव्या दिवशी कळलं. माझी निकामी झालेली किल्ली मुठीत धरून तू तीच लागल्यासारखी दाखवलीस. "जोर कमी पडला तुहा." अण्णा, तू इतकी माणसं सोडवलीस. तुझ्या धाकट्या भावाला मात्र तूच अडकवलंस, त्याची बाजू ऐकून न घेता, आणि पुढं तीन वर्षं त्याच्या वाटची किल्ली छातीवर वागवलीस. टोचत होती का? टोचत असावी. नसती टोचली तर केव्हाच फेकून दिली असतीस. हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

चाचांनी कुलूप उघडलं तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं. एक वाकडी तार, एक पातळ पट्टी, डोळे मिटलेले, कान कुलपाशी. झाकण निघालं. मग त्यांनी कुलपाची नळी बाहेर काढली आणि तिच्यातल्या बारीक पितळी चकत्या फडक्यावर मांडल्या. कोणती आखूड, कोणती लांब.

"चकत्या ह्याच राहतात," ते म्हणाले. "नुसती जागा बदलली की जुन्या किल्लीले कोणी वळखत नाही. बिचारी बरोबर असते, पण तिले काय माहीत आत काय झालं."

त्यांनी चकत्या नव्या जागी बसवल्या. कोऱ्या पट्टीला चिमणीची काजळी धरली, आत घालून काढली, जिथं काजळी पुसली गेली तिथं कानस चालवली. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. दोन किल्ल्या झाल्या. दोन्हींच्या बुडाशी टिंब. मी दोन्ही दहा-दहा वेळा लावून पाहिल्या. चाचा विडी ओढत बसून राहिले. जोर लागत नव्हता. मुळीच लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्काला कामरगावला जायचं होतं. वहिनींनी तिला गाडीतून जायला लावलं. ती मागं बसली, तोंड खिडकीकडे. मंगरूळ गेलं. त्या नाल्याच्या उताराला मी गाडी थांबवली.

"पुन्हा पंक्चर?" ती म्हणाली. तीन वर्षांतले हे तिचे मला पहिले शब्द.

"नाही. खाली ये."

मी तिच्यासमोर कुलूप उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं. मग सगळं सांगितलं, चाचांनी सांगितलं तसं. खरं सांगतो, तुझ्याबद्दल वाईट बोलायचं ठरवूनच मी निघालो होतो. रात्रीतून वाक्यं तयार केली होती. पण सांगताना ती वाक्यं आलीच नाहीत, तळ्यावरचं तेवढंच आलं.

अक्कानं पदर तोंडाशी नेला. "जानव्यासंगं सोडली?" ती म्हणाली. "अण्णानं?" आणि हसली. रस्त्यावर उभी राहून, गाडीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अरे देवा. तीस वर्षांत एक वस्तू हरवली नाही म्हणे!" मग हसणं थांबलं आणि पाणी तेवढं राहिलं.

"अन् आईच्या उशाशी उभा राहून म्हणे, लागते की," ती म्हणाली.

मी मान हलवली.

मग ती माझ्याकडे वळली, आणि अण्णा, ती माझ्यावर चिडली. "अन् तू काहून नाही बोलला? किल्ली तुह्या हातात होती. तुले माहीत होतं ना लागली नाही म्हणून?"

"माहीत होतं."

"मंग? तिथल्या तिथं म्हणाचं होतं, अण्णा, माह्यासमोर लावून दाखव. तीन वर्षं मी तुले ओवाळलं नाही, बापू. कायले ऐकून घेतलं?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते द्यायची मला लाज वाटली. तरी दिलं. "अण्णा म्हणाला लागते, म्हणून मला वाटलं, लागत असेल."

तिनं बराच वेळ त्या पोचा पडलेल्या झाकणावर हात फिरवला. मग म्हणाली, "चाल. ऊन झालं." यावेळी ती पुढं बसली. कामरगाव आलं. दारात उतरताना मी तिच्या हातावर दुसरी किल्ली ठेवली.

"म्या काय करू हिचं? माह्यापाशी गाडी कुठं हाय?"

"ठेव."

तिनं ती कमरेच्या जुडग्यात अडकवली आणि आत गेली. तुझ्याबद्दल ती आणखी काही म्हणाली नाही. ती तुला माफ करेल की नाही, मला माहीत नाही. मी अजून केलेलं नाही. परवा अकोल्याला जाणारा एक वकील विचारत होता, मास्तर, तुमच्यासाठी काही आणू का, आणि मी तोंड फिरवून घरी आलो.

तुझ्या वितळलेल्या दोन किल्ल्या माझ्या टेबलावर आहेत. त्या अजून सुट्या झाल्या नाहीत. गाडी दारात उभी आहे, चारही चाकांवर. झाकणाला पोचा आहे. कुलपाला दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे आहे आणि एक अक्काकडे.